ट्रायपॉडवरचा आळ

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये विंटर टायर्स लावत होतो, म्हणजे नट उलट्या बाजूला पिळत होतो. प्रमिलावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." फोन ठेवून मी पुन्हा तोच नट पिळत बसलो...

कॅनडातल्या बर्नाबीतली आमची तीसेक वर्षांची मैत्री. तो नागपूरचा, खडकांच्या सर्वेक्षणात इथले डोंगर पालथे घातलेला, पक्का शिकारी. मी कॉम्प्युटरवाला, त्याच्यामागून ओझं वाहणारा आणि तोंड चालवणारा. चार वर्षांपूर्वी, कितीतरी अर्जांनंतर, त्याला सोडतीत डोंगरी बकऱ्याच्या शिकारीचा परवाना लागला. "ही शेवटची शिकार बे," तो म्हणाला. कड्यावर आडवं होऊन नेम धरायला जागा नसते. रायफल टेकवायला ट्रायपॉड लागतो, आणि तो दोन दिवस पाठीवर वाहायचा असतो. दुकानात त्यानं जाड पायांचा उचलला. मी घरून स्वयंपाकघरातला वजनकाटा नेला होता! दुकानदारादेखत सहा ट्रायपॉड तोलले आणि सर्वांत हलका सुधाकरच्या गळ्यात मारला. वर ट्रायपॉडच्या मधोमध असलेला, वजन टांगायचा हूकही काढून टाकला. चाळीस ग्रॅम वाचले.

"अबे, त्यापेक्षा चिवडा कमी घे नं!" सुधाकर म्हणाला. चिवडा एक किलो होता.

डोंगरावर दुसऱ्या दिवशी दुपारी दरीपलीकडे, दोनशे मीटरवर, पांढराशुभ्र बकरा दिसला. वारा सुटला होता. हूकच नाही, तर दगडांची पिशवी टांगणार कुठे? म्हणून मी स्वतःच ट्रायपॉडखाली शिरलो. दोन पाय मुठींत, तिसरा गुडघ्यांत.

"श्वास घेऊ नको," तो कुजबुजला. मी तोही थांबवला.

बकरा वळला. पूर्ण बाजू दिली. गोळी सुटेना... बकऱ्याच्या पायाशी सरळ तुटलेला कडा. नेम जरासा चुकला असता, तर जखमी जनावर खाली कुठल्या कुठे जाऊन तडफडलं असतं.

"हालून राहिला नं बे हा!"

माझ्या मुठीतले पाय तर रोवल्यासारखे होते. मी वर पाहिलं. हलत होता त्याचा उजवा हात, मनगटापासून बोटांपर्यंत. त्यानं माझ्याकडे पाहिलं. बकरा अजून उभाच.

"हलतोय खरा," मी म्हणालो. "चाळीस ग्रॅमची हाव, दुसरं काय!"

त्यानं रायफलमधली गोळी काढली. उतरताना, पहिल्यांदाच, रायफल माझ्याकडे दिली.

पुढे इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक जेवणात तो मला डिवचायचा, "सांग बे, तुझ्या ट्रायपॉडची गोष्ट!" मी सांगायचो. दरवेळी ट्रायपॉड आणखी हलका व्हायचा. शेवटी शेवटी तर तो माझ्या शिंकेनं दरीत उडायला लागला. सगळ्यांत मोठ्यानं सुधाकर हसायचा, दोन्ही हात टेबलाखाली ठेवून.

गेल्या शनिवारी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला. कप मोठा, चहा निम्माच. मी कपात बघत राहिलो तशा त्या ओशाळल्या.

"सवय पडली नं, भाऊजी. भरलेला कप यांच्या हातात टिकत नव्हता. तुम्ही दोघं डोंगरावर गेले होते नं, त्याच्याही आधीपासून."

मला वाटत होतं, हे आम्हा दोघांतच आहे...

"आता त्या बिचाऱ्या ट्रायपॉडवरचा आळ काढा," त्या म्हणाल्या. "लिहा तुम्ही."

आणि कप भरायला त्यांनी चहाचं भांडं उचललं. मी कपावर हात धरला.

"राहू द्या, वहिनी. एवढाच बरा."