टाळीची जागा

आमचे काका नाटकांना चाली लावतात. डोक्यातून एकही काढत नाहीत. माणूस कसा बोलतो ते ऐकायचं आणि तेच पेटीवर उतरवायचं, ही त्यांची रीत. काकूची “अहोऽऽ, ऐकलंत का” ही हाक वर जाऊन जिथे अडकते, तिथून त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रेमगीत निघालं. काकू अजून फुगून आहे.

मागच्या नाटकातल्या गाण्यावरून त्यांना पोलिसांनी उचलून नेलं होतं. परत आले तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. “अडाणी लेकाचे,” काका म्हणाले, “सूर वाजवणारा सोडून पेटीच्या भात्याचा हात धरला.” आम्ही हसलो, काकू नाही हसली. तेव्हापासून टॉवेल आणि गोळ्यांची एक पिशवी दाराशी भरलेलीच असते. घरात सगळ्यांचा डोळा काकांच्या उजव्या हातावर.

या वेळचं गाणं म्हणजे साधी अंगाई. शब्दांत बोट ठेवायला जागा नाही. चाल मात्र कचेरी-कचेरीत ज्यांचा फोटो आहे त्या मोठ्या साहेबांच्या भाषणाची: खालच्या सुरात घोळत येणार, टप्प्याटप्प्याने चढणार, मग हनुवटी वर करून थांबणार. टाळ्यांसाठी. तालमीत त्या जागी सगळे टाळ्या पिटून लोळायचे. सरकारी तपासणीचा दिवस ठरला तसा काकांनी दम भरला, तिथे कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही.

तपासनीस आले. मांडीवर संहिता, हातात लाल पेन्सिल, बोलणं नाकातून: “चाऽलू करा.” (मी हे हुबेहूब करते, पण घराबाहेर नाही.) विंगेतून मला दिसत होतं, पेन्सिल एकेका शब्दाखालून सरकत होती. गाणारीचा आवाज कापत होता, अंगाईला तो शोभून गेला. चाल चढली. थांबली. तबलजीने तळवे मांड्यांखाली दाबून धरले होते.

टाळी वाजली.

पहिल्या रांगेत. पेन्सिल घरंगळत स्टेजपाशी आली. इतकी वर्षं सभांना पुढे बसलेले हात ते, साहेब थांबले की वाजणारच. तपासनीसांनी आधी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं, मग काकांच्या उजव्या हाताकडे. तक्रार करायची, तर आपण टाळी का वाजवली तेही सांगावं लागलं असतं.

त्यांनी शिक्का मारला. जाताना काकांजवळ थांबले. या वेळी आवाज नाकातून नव्हता. “तिथे तबला भरा. माझ्यासारखे बरेच येतील प्रयोगाला.”

तबलजी घरी येऊन विचारत होता, भरू का. काका उजव्या हाताची बोटं एकेक करून कडाकडा मोडत बसले.

“रिकामीच ठेव,” म्हणाले.

काकू उठली आणि दाराशी जाऊन पिशवीत स्वेटर कोंबू लागली.