न झिजणारे शर्ट

मी मुळातच संशयी माणूस. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी आपणहून जास्तीची घातली, तरी मी ती उलटीपालटी करून बघतो. त्यामुळे बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात गावी पोचलो आणि आमच्या भाताच्या रोपात मधेमधे टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसले, तेव्हा माझी नजर थेट शेजारच्या बांधाकडे गेली. बांधापलीकडे चुलत काकांचं रोप हिरवंगार डोलत होतं.

म्हसळ्यापासून जरा आत आमची थोडी भातशेती आहे. ती विकत घ्यायला काका टपून बसलेत, हे माझं जुनं मत. आईने उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं, "यंदा माझ्या एकटीच्यानं रोप धरलं तर शेती करीन. न्हाय तर देऊन टाकू त्यांना." रोप नाही तर लावणी नाही, आणि लावणी नाही तर शेत काकांचं. पाणी कुठे मुरतंय, ते मला न सांगता कळलं.

"तणनाशक मारलंय त्यांनी," मी आईला म्हणालो.

"काय पन बोलतोस! भाऊबंद हायत आपले."

"म्हणूनच म्हणतो."

संशयाला आणखी एक कारण होतं. बाबांचं कपाट रिकामं होतं. ते तहसील कचेरीत नोकरीला होते आणि त्यांचे शर्ट-पँट मीच पनवेलहून आणायचो. त्यांची अट एकच, कापड चुरगळता कामा नये आणि झिजता कामा नये. सुती शर्ट दाखवला की म्हणायचे, "दोन वर्सांत फडकं व्हतंय त्याचं." ते सगळे कपडे गेले कुठे, असं विचारल्यावर आई "दिले" एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. कोणाला दिले, ते सांगेना. काकांच्या अंगावरचा चौकड्यांचा शर्ट मला एकदम ओळखीचा वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावडं आणि एक पिशवी घेऊन रोपात उतरलो. चट्ट्यातली माती तपासायला न्यायची आणि मग काकांना चार भाऊबंदांसमोर उभं करायचं, असा बेत होता. आई बांधावरून "नको रे, हायत ती रोपं तरी ठेव" म्हणत होती. ती जरा जास्तच घाबरलेली वाटली. मला तिचाही संशय आला.

फावडं थोडं आत गेलं आणि अडलं. दगड नव्हता. हात घालून ओढलं, तर पंजाएवढी काळी, कडक पापडी निघाली. काहीतरी वितळून थिजलं होतं. तिच्यावर पडलेले भाताचे दाणे कुजून चिकटले होते. मी ती उलटली. एका कडेला पँटची चेन होती आणि तिच्याजवळ चौकड्यांच्या कापडाचा नखाएवढा, न जळलेला तुकडा.

आई बांधावरच खाली बसली.

पेरणीआधी, उन्हाळ्यात, रोपाच्या जागेवर शेण, टहाळ आणि पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. त्याच्या राखेत रोप जोमाने येतं. आजोबा गेले तेव्हा आजीने त्यांची धोतरं कोणाला दिली नव्हती. माणूस शेतातच राहिला पाहिजे, असं म्हणून तिने ती राबात घातली होती. ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण आत्ता आठवलं नव्हतं.

"मामंजींच्या धोतरांची कशी भुरभुरीत राख झालेली," आई म्हणाली. "वाटलं, यांचंबी तसंच व्हईल. पन काळा धूर निघाला, घाण वास सुटला. तवाच कळलं मला. पन पेटलेल्यातून त्यांचे कपडे वडून काडू कशी?"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. काकांवर काढावा, तर तीही सोय राहिली नव्हती. पनवेलला माझं कपाट असल्याच पॉलिस्टरच्या कापडांनी ठासून भरलंय. नको झालेले कपडे सोसायटीच्या दारातल्या पेटीत टाकले की ते कोणाच्या तरी अंगावर जातात, असं मी धरून चाललो होतो. आता तेही खरं वाटेना.

दुपारी काका बांधावर आले. "रोप कमी पडंल तुमचं. आमचं उरतंय, घेऊन जा," म्हणाले. आमच्याकडे उरलेलं रोप कोणी विकत नाही आणि कोणी नाकारतही नाही. तरी मी त्यांचा शर्ट जवळून बघून घेतलाच. चौकडी वेगळी होती.

लावणी झाली, शेत राहिलं. चिखलात सापडलेल्या सगळ्या पापड्या आईने धुऊन घमेल्यात भरल्या आणि घमेलं ओटीवर ठेवलं. निघायच्या दिवशी मी म्हणालो, "टाकून दे ते आता."

"कुठं टाकू?" आई म्हणाली. "जाळून झालं, पुरून झालं. तूच सांग."

अंगातला न चुरगळणारा शर्ट सारखा करत मी गाडीकडे निघालो.