पप्पांचा डावा डोळा

पिकायला टांगलेल्या वेलची केळ्यांचा वास आला, की मला अजून तो रविवार आठवतो. त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही सगळे पापडी गावातल्या घरी जेवायला बसलो होतो आणि पडवीतल्या घडाचा घमघमाट पार नायगावपर्यंत पोहोचला असणार. पप्पा म्हणजे थापांचे बादशहा. वालीवच्या कारखान्यातल्या धुळीने त्यांची फुप्फुसं खाल्ली होती, तरी दर दोन शब्दांमागे धापा टाकत ते माडाएवढी थाप मारायचे आणि शेवटी हळूच डावा डोळा मारायचे. त्या दिवशी भात वाढणाऱ्या आईला त्यांनी अदबीने विचारलं, “बाई, तुम्ही कोणाकडे आलात?” आई म्हणाली, “तुमच्याकडेच! वाजतगाजत आणलंत की मला.” “मग आता जा. घरचे वाट बघत असतील.” आम्ही इतके हसलो, की छपरावरची कौलं सरकली. पप्पा डोळा कधी मारतात याची मी वाट बघत राहिले, पण त्यांनी तो मारलाच नाही. पप्पा आईकडे परक्यासारखे बघत होते आणि त्यांचे ओठ जांभळे पडले होते. दवाखान्यात नेताना रिक्षात आई त्यांचा हात धरून एकच विचारत होती, “मी कोण, सांगा ना?” डॉक्टर म्हणाले, “फुप्फुसं थकली, की मेंदूला प्राणवायू पुरत नाही. माणूस भरकटतो.” ऑक्सिजन लावला. संध्याकाळी पप्पांनी आईकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “ही बाई अजून गेली नाही?” मी डॉक्टरांना बोलवायला उठले. मग डावा डोळा मिटला. आजही त्यांच्या थापांना सगळे लगेच हसतात. मी मात्र आधी तो डोळा बघते, मग हसते.