यादीवाले साहेब

साहेबांना कुणी नमस्कार केला की ते आधी विचारायचे, "कुठून आलात?" रोज भेटणाऱ्यालाही. मी चहा नेला की मलाही. "स्वैपाकघरातून" म्हटलं की कप घ्यायचे. एकदा मी जिन्याकडून आले, तर कपाकडं बघत बसले. चहा निवला, मग प्यायले.

आमची बियाण्याची कंपनी चिकलठाण्याला होती. मी तिथं झाडलोट आणि चहा करायची. शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि नळाला पाणी आठवड्यानं येत होतं. सोयगावच्या या साहेबांच्या ताब्यात एक मोठं मशीन होतं. त्याला युनिक्स म्हणायचे. पैठण, गंगापूरचे डेपो तिकडूनच त्यात काम करायचे. मशीनसाठी ती खोली थंड ठेवलेली असायची, म्हणून उन्हाळ्यात सगळ्या ऑफिसला तिथंच काम निघायचं. शेवटी साहेबांनी दारावर यादी चिकटवली. यादीतले चौघं आत, बाकी बाहेर. किल्ली वॉचमन रशीदचाचांकडं.

मशीनच्या आतही तसंच. एकदा खुशीत होते तेव्हा मला म्हणाले, "मावशी, यात दोन फायली असतात. एकीत कुणाला येऊ द्यायचं, दुसरीत कुणाला अडवायचं. दोन्हीत नाव नसलं तर मशीन भोळं, आत घेतं. म्हणून अडवायच्या फायलीत 'सगळे' लिहायचं आणि येऊ द्यायच्या फायलीत एकेक नाव. अन् नुसतं नाव नाय. माणूस कोण अन् तो कुठून आला, दोन्ही जुळलं पाहिजे."

मला पटलं. माझा दीर गावाहून आला तर पाहुणा असतो, गुत्त्यावरून आला तर नसतो.

पेरणीच्या दिवसांत डेपो रविवारीही दहाला उघडायचे. अशा एका रविवारी पाण्याचा टँकर येणार म्हणून ऑफिसात मी आणि चाचाच होतो. फोन वाजला. साहेब भाचीच्या लग्नाला सोयगावला गेले होते. तिथं घरच्या कॉम्प्युटरवरून त्यांनी फायली नीट करायला घेतल्या. येऊ द्यायची जुनी नावं पुसली, नवी लिहिणार तेवढ्यात लाइट गेली. लाइट आल्यावर मशीन कुणालाच घेईना. डेपोंना नाही आणि खुद्द साहेबांनाही नाही.

"मावशी, मशीनसमोर बसणाऱ्याला ते अडवत नाय. तुम्ही आत जा, मी सांगतो तसं करा. एसटीनं यायला मला दुपार होईल. अन् आज डेपो अडले तर माझी नोकरी गेली. मोठ्या साहेबांनी मागंच बजावलंय."

चाचा किल्ली देईनात. "यादी में नाम नहीं तुम्हारा, सुमनबाई."

मी फोन त्यांच्या कानाला लावला. साहेब ओरडत होते, ते मलाही ऐकू येत होतं. चाचा शांतपणे म्हणाले, "आवाज तो साहब की लगती. पन कहाँ से आ रही, किसको मालूम? तुमीच बोले थे ना, दोनों मिलना."

साहेब गयावया करू लागले. मी कधी साहेबांपुढं तोंड उघडलेलं नाही. पण त्या दिवशी मी त्यांचा फोन मध्येच ठेवून दिला. यादीखाली त्यांच्याच अक्षरात सोयगावचा नंबर होता. तो मी फिरवला. त्यांच्या आईनं उचलला.

"कोण? कुठून बोलता?"

साहेबांची खोड कुणाची होती ते तेव्हा कळलं. मग साहेब फोनवर आले, मी तो चाचांच्या कानाला लावला आणि चाचांनी किल्ली काढली. "अब बराबर. आदमी भी वही, जगा भी वही."

चपला बाहेर काढून मी आत गेले. फोनची तार जेमतेम पुरली. मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं मुलीच्या पुस्तकातून ओळखीची झालेली, तेवढीच.

"आता पासवर्ड सांगतो," साहेब म्हणाले. "बायकोलाबी माहीत नाय, मावशी."

"मग नका सांगू."

"सांगतो, सांगतो!"

तो मी हे लिहितेय त्या वहीतही लिहिणार नाही. येऊ द्यायच्या फायलीत साहेबांचं नाव अन् ठिकाण लिहायला मी एका बोटानं अक्षरं शोधत होते आणि साहेब तिकडून "टिंब दिलं का? टिंब?" करत होते. दहाला पाच मिनिटं कमी असताना ते ओरडले, "घेतलं! मला आत घेतलं!" मागं कुणीतरी विचारलं, "काय, नवरदेव आला का?"

सोमवारी साहेबांनी चहाच्या आधी पासवर्ड बदलला. मग दारावरच्या यादीत खाली लिहिलं, 'सुमनबाई, स्वैपाकघराच्या बाजूनं.' आणि मला म्हणाले, "यादी करताना पहिलं नाव आपलं घालायचं, मावशी. त्यात लाज नाय. आपणच बाहेर राहिलो तर बाकीच्यांना आत कोण घेणार?"

दोन वर्षांनी ते पुण्याला गेले. जायच्या दिवशी मी नमस्कार केला, तर त्यांनी "कुठून आलात?" विचारलंच नाही. मला ते बरं वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरवरून भांडणं व्हायला लागली. बायकांनी एक कोरी वही माझ्यापुढं टाकली. "सुमन कुणाला बोलत नाय, तिलाच लिहू द्या." मी वर लिहिलं, 'यादीत नसेल त्याला पाणी नाही.' पहिल्या ओळीवर हात थांबला. सगळ्या बघत होत्या. मग लिहिलं, 'सुमन, लिंबाजवळचं घर.'

शेजारीण म्हणाली, "अगं बया! स्वतःचंच पहिलं?"

"व्हय," मी म्हटलं. "अन् तुम्ही कुठून आलात?"

तिच्या आणि माझ्या घराची भिंत एकच आहे.