विहिरीत केलेली यादी

निवृत्तीनंतर बघायच्या गावांची यादी करायला वही उघडली आणि माठाखालच्या ओल्या मातीचा वास आला.

माझ्या लहानपणी लातूर जिल्हा नवा होता अन् रेणापूरकडं दुष्काळ. बारक्या अंगाची म्हणून मायनं मला दोरानं विहिरीत सोडलं, वाटीवाटीनं घागर भरायला. वर आभाळ ताटाएवढं. दोर करकरला की मी वर बघून ओरडायचे.

"माय, वर घे!"

"भिऊ नको बाई. कुठं कुठं जायचंय तुला, ते वरडून सांग. मी ऐकायलेय."

"लातूर! नागपूर! समुद्र!"

मी थांबले की तिचा आवाज कापायचा, "अजून सांग!"

घराण्यातली पहिली बी.ए. मी; समुद्रही पाहिला. माय माझी भीती घालवत होती, असंच इतकी वर्षं वाटलं. खाली मी जिवंत आहे हे तिला ऐकायचं होतं, ते आज कळलं.