उठून निघालो, कुणी बोलावलं नाही

पुण्याच्या त्या बाईंचा आवाज फोनवर शांत होता, हीच माझी मोठी तक्रार आहे. त्या चिडल्या असत्या तर सौदा पुढं सरकला असता.

"सर, तुम्हीच लिहिलं होतंत ना, या दरात परवडत नाही, जमणार नाही म्हणून?"

"अहो बाई, तसं लिहायचं असतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आम्हाला माघारी बोलवायचं असतं."

"कुठे?" त्यांनी विचारलं. थट्टा नव्हती. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी फोटोग्राफर आहे. सुरुवात तुळजापुरात केली, देवीच्या दर्शनाला आलेल्या लोकांचे उभ्या उभ्या फोटो काढून. सोलापूरच्या बसमधून माणूस उतरला की त्याच्या चपलेकडं बघून मी ओळखायचो, हा किती घासाघीस करणार. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, तो धंदा बसला आणि मी लग्नांकडं वळलो. आज धाराशिवला माझा स्टुडिओ आहे. त्यात कुणाची मेहेरबानी नाही. पण बोलणी करायची कला मात्र माझी स्वतःची नाही, ती अण्णांची आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. तेरला राहायचे आणि आसपासच्या सगळ्या बाजारांत बैलांची दलाली करायचे. शाळा सोडल्यावर दोन वर्षं मी त्यांच्या मागं हिंडलो. उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून किंमत ठरवायची हे सगळ्यांना माहीत असतं. खरी गंमत त्याच्या पुढं होती. किंमत पटली तरी एकदा उठायचं. "न्हाय जमत, राम राम" म्हणायचं आणि चालू लागायचं. समोरचाही समजून असायचा. तो आठ-दहा पावलं जाऊ द्यायचा आणि मग हाक मारायचा, "ओ पाव्हणं, या की माघारी!" मग परत बसायचं, चहा यायचा, थोडं इकडं थोडं तिकडं व्हायचं आणि दावं हातात पडायचं. असं उठल्याशिवाय झालेला सौदा अण्णांना कच्चा वाटायचा.

पुढं गावागावांत ट्रॅक्टर आले, बाजार ओसरले. अण्णांचे गुडघे गेले. मी त्यांना धाराशिवला आणलं. तेव्हापासून ते ओट्यावर बसून असायचे. कुणी काही विचारायला येत नव्हतं. ज्या माणसानं बैलाचे दात न बघता नुसत्या चालीवरून वय सांगितलं, त्याला माझ्या गल्लीत दुधाची पिशवी आणण्यापलीकडं काम नव्हतं.

अशात पुण्याच्या एका संस्थेचं काम आलं. बैलांवर आणि जनावरांच्या बाजारांवर छायाचित्रांचं मोठं पुस्तक काढायचं होतं. महिनाभर हिंडायचं, सोनारीपासून सुरू करून पार नांदेडकडच्या बाजारांपर्यंत. मी चार वेळा फोनवर भांडलो आणि एक गोष्ट मिळवली. करारात एक ओळ वाढवून घेतली की माझ्यासोबत जाणकार म्हणून अण्णा असतील, आणि त्यांचं मानधन वेगळं.

करार छापून आणला तेव्हा अण्णांनी चष्मा पुसला. "माजं नाव कुठंय?"

मी बोट ठेवलं. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि म्हणाले, "जाणकार म्हंजी काय लिवलंय?"

"ज्याला कळतं तो."

"व्हय? मग बरुबरंय."

दुसऱ्या दिवसापासून घरात गडबड. सुनेकडून दोन धोतरं धुऊन घेतली, पायताणाला टाके घालून आणले, काठीला खाली नवी लोखंडी टोपी बसवली. सोनारीला त्यांचा एक जुना जोडीदार होता, तोही बैलांचाच व्यापारी. कैक वर्षांत भेट नव्हती. त्याला माझ्या फोनवरून फोन लावायला लावला आणि ओरडून बोलले, "हैस का अजून? येतोय बग म्या. आरं फिराय न्हाय, कामावर येतोय! कागद झालाय!"

सह्या झाल्या होत्या. तारीख ठरली होती. गप्प बसायला हवं होतं, हे मला आज कळतं. पण मनात कीड होती. इतकं सरळ झालं, म्हणजे आपण स्वस्तात गेलो. मग मी पत्र लिहिलं. फिरायच्या गाडीचा दर वाढवून द्या, नाहीतर परवडत नाही, जमणार नाही. माझ्या हिशोबानं मी नुसता उठलो होतो. आता हाक येईल म्हणून वाट बघत बसलो. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मी स्वतःहून फोन केला नाही. उठलेल्या माणसानं मागं वळायचं नसतं, असं मी समजत होतो.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपल्या निर्णयाचा आदर करून करार रद्द करत आहोत, दुसरी व्यवस्था केली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. चार ओळी. माझ्या निर्णयाचा आदर! सही केलेल्या माणसाला एक फोन करायला काय जात होतं? हे मी आजही म्हणतो. तेव्हा तर मी पेटलोच होतो. संस्थेच्या त्या बाईंना फोन लावला आणि वर लिहिलंय ते बोलणं झालं. "कुठे?" विचारल्यावर त्याच पुढं म्हणाल्या, "गैरसमज झाला असेल तर मी वरिष्ठांशी बोलून बघते, सर. संध्याकाळपर्यंत सांगते."

ही हाकच होती. फक्त बाजारातल्यासारखी मोठ्यानं मारलेली नव्हती. मला ती ऐकू आली नाही, कारण मी बोलत होतो. तुमच्यासारखे लोक, तुमची पुस्तकं, आमच्या भागाला तुम्ही समजता काय, बैल कधी बघितलाय का, असं बरंच. बाई ऐकत राहिल्या. शेवटी "ठीक आहे सर" म्हणाल्या आणि फोन ठेवला. संध्याकाळी काही आलं नाही. नंतरही नाही.

निघायला अकरा दिवस होते. बायको रोज म्हणायची, "सांगा की त्यांना." मी म्हणायचो, सांगतो. काहीतरी खटपट करून दुसरं काम उभं करू, मग सांगू, असं चाललं होतं. तसं काही उभं राहिलं नाही.

ठरलेल्या सोमवारी सकाळी मी उठून बाहेर आलो तर अण्णा आंघोळ करून ओट्यावर बसलेले. धुतलेलं धोतर, पटका, बाजूला पिशवी, काठी गुडघ्यांमध्ये. मला बघून म्हणाले, "किती येळ लेका? ऊन व्हायच्या आत परांड्याच्या म्होरं गेलं पायजे."

मी त्यांच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. बाईंना काय बोललो ते मात्र गाळलं.

त्यांनी पुण्याला शिवी दिली नाही. गुडघ्यांमधली काठी बाजूला टेकवली. मग म्हणाले, "उठलास?"

"उठलो. तुम्हीच शिकवलंय."

"काठी ठिवली हुती का मागं?"

"काठी?"

"आरं, उठताना काठी तितंच ठिवायची. न्हाय मारली त्यानं हाक, तर काठी इसरली म्हणून माघारी जाता येतं. मग बसायचं." ते माझ्याकडं वळले. "तुला काय वाटलं, समदीच हाक मारत्यात? निम्मी न्हाय मारत."

दोन वर्षं मी त्यांची काठी बाजारात शोधत फिरलो होतो. दर वेळी कुठंतरी राहायची आणि ते "थांब, आलोच" म्हणून माघारी जायचे. मला वाटायचं, म्हातारा विसराळू आहे. मी हसायचो त्यांना, लोकांपुढंही.

"सांगितलं का नाही कधी?"

"असलं काय सांगायचं असतंय? बगून कळतंय." मग हळूच म्हणाले, "तू लई ताठ निगालास. माज्याहून ताठ."

मी म्हणालो, "चला, माझी गाडी आहे. आत्ता निघू. सोनारीला जाऊन येऊ, काळभैरवाचं दर्शन होईल, तुमच्या दोस्ताला भेटू."

"फिराय न्हाय जायचं मला," ते म्हणाले. "काम हुतं."

मी पिशवी उचलायला हात पुढं केला होता, तो मागं घेतला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सोनारीचाच होता. त्यांचा जोडीदार ओरडत होता, कुठवर आलाय, भाकरी टाकायच्या का म्हणून विचारत होता. मी फोन अण्णांच्या कानाला लावला.

"न्हाय रं," अण्णा म्हणाले. "न्हाय जमत. माजा गुडघा धरलाय. पोरगं निगालं हुतं, म्याच अडवलं त्येला. पुण्यावाल्यास्नी बी कळवलंय. व्हय, व्हय. बगू पुन्यांदा."

फोन माझ्या हातात देऊन त्यांनी पिशवी जवळ ओढली. धोतराच्या घड्यांखालून कराराचा कागद काढला. माझी समजूत होती की तो स्टुडिओत आहे. त्यांनी कधी घेतला कुणास ठाऊक. चष्मा आत राहिला होता म्हणून कागद माझ्यापुढं धरला.

"ती वळ वाच."

"राहू द्या ना अण्णा."

"वाच."

मी वाचलं. सोबत जाणकार म्हणून, आणि पुढं त्यांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. मुक्काम तेर.

"बरं लिवलंय," ते म्हणाले, आणि कागद घडी करून परत धोतराखाली ठेवला.