पुठ्ठ्याच्या स्वयंपाकघरात आई

तिला सगळे पुठ्ठी म्हणत. सिनेमे काढता काढता पन्नाशीला टेकली, तरी नाव तेच. करणार काय, बाईचा उद्योगच तसा. खऱ्या घरात ती कॅमेरा लावायचीच नाही. गोदामात प्लायवूडच्या नि पुठ्ठ्याच्या खोल्या उभारायची, त्यात खरी माणसं आणायची आणि त्यांच्याच आयुष्यातला एखादा दिवस त्यांना पुन्हा जगायला लावायची. लोक म्हणत, सगळं खोटं. ती म्हणे, मग बघायला येऊ नका.

या खेपेला तिने स्वतःच्या माहेरचं स्वयंपाकघर उभं केलं. वडिलांनी तिचा चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म फाडला, तो दिवस तिला घ्यायचा होता. आई तेव्हा ओट्याशी उभी होती आणि तिने चकार शब्द काढला नव्हता. वडील गेले, तीस वर्षं सरली, पण आईचं ते गप्प राहणं लेकीच्या मनातून जाईना. पडद्यावर तिला ते जसंच्या तसं हवं होतं. आईचं काम आईच करणार होती, वडिलांचं सेट बांधणारे मिस्त्री.

"घरची लक्तरं वेशीवर टांगायची हौसच फार," दादा म्हणाला. तरी आईला घेऊन तोच आला, नजर ठेवायला.

आईने पहिल्याच तासात घोळ घातला. ओट्यामागच्या भिंतीवर तेलाचे, धुराचे डाग रंगवायला रंगाऱ्याचे दोन दिवस गेले होते. आईने पदर खोचला आणि भिंत घासून लख्ख केली.

"माझी भिंत कधी एवढी घाण नव्हती," ती म्हणाली. रंगारी बिचारा कपाळाला हात लावून बसला.

डाग पुन्हा रंगवले आणि कॅमेरा सुरू झाला. मिस्त्रींनी फॉर्म टराटरा फाडला. आईने नुसतं उभं राहायचं होतं. पण ती वळली, शेगडीचं बटण बंद केलं. आता त्या शेगडीत गॅस कुठला असायला!

"उचला ते तुकडे," आई म्हणाली. "जोडा. माझी पोर शिकायला जाणार आहे."

मिस्त्री गडबडले आणि खरंच खाली बसून तुकडे गोळा करू लागले.

दादा उसळला. "असं झालंच नव्हतं. आई, तू गप्प होतीस."

पुठ्ठीला रडू आलं, आणि रागही. "तेव्हा का नाही बोललीस गं?"

"बोलले असते, तर दोन पोरांना घेऊन जायचं कुठे? ते घर त्यांचं होतं. हे तुझं आहे. इथून मला कोण बाहेर काढतंय, बघतेच."

"पुन्हा घ्या," दादा कॅमेरावाल्यावर खेकसला.

"घ्या की," आई म्हणाली. "दहा वेळा घ्या. दहाही वेळा मी हेच म्हणणार."

पुठ्ठीने डोळे पुसले. चिकटपट्टी घेऊन ती सेटमध्ये शिरली, मिस्त्रींच्या शेजारी जमिनीवर बसली आणि कॅमेरावाल्याला म्हणाली, "बंद करू नकोस."